स्मारकाच्या पायरीखालचं रवण

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग गावच्या स्मारकावर झाली. मी ती मागितली नव्हती. ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, "सुभेदार रिकामाच हाय की," आणि टाळ्या पडल्या. फौजेत ऑर्डर देणारा निदान पुढं येऊन देतो. गावात ती मागच्या रांगेतून येते.

आमचं गाव गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. स्मारक आहे लान्स नायक महादेवचं. गावात त्याला सगळे महादू म्हणायचे. मी तेव्हा हवालदार होतो आणि तो माझ्या सेक्शनमध्ये होता. एका गावची दोन माणसं एका सेक्शनमध्ये येणं आमच्या पलटणीत नवलाचं नव्हतं. त्याच्या स्मारकाला गावानं जागा शोधली तेव्हा कुणाचाच कोपरा मोकळा निघेना. शेवटी जिचा पोरगा गेला तिनंच अंगणातली जागा दिली, आणि गावानं तिथं चौथरा बांधून फोटो काढून घेतले.

महादूच्या आईचं नाव पारूबाई. मी तिला आत्ती म्हणतो. ती मला काहीच म्हणत नव्हती. महादूची शवपेटी घेऊन मी गावात आलो त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पोरगा गेलेल्या बाईला राग कुणावर तरी काढावा लागतो, असं मी मनाला समजावत असे. पण खरं सांगतो, मलाही राग यायचा. मी त्याला मारलं नव्हतं. नाल्यातून खांद्यावर घालून वर आणलं होतं.

माझा रोजचा कार्यक्रम ठरलेला. उजाडलं की स्मारकावर जायचं, चौथरा झाडायचा, पितळी पाटी चिंचेनं घासायची, हार बदलायचा. आत्ती दारात उभी राहून बघायची. मी झाडून पाठ वळवली की चुलीतली राख आणून नेमकी तिथंच टाकायची. मी परत झाडायचो. अशी आमची लढाई बरीच वर्षं चालली होती आणि दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती.

थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम जोरात होता. चौथऱ्याच्या मागच्या पायरीखाली एक पोकळी आहे. बांधणाऱ्यानं दगड कमी घातले, म्हणून ती राहिली. मी तिथं झाडू ठेवायचो. एका सकाळी झाडू काढायला हात घातला आणि मनगटावर अशी टोच बसली की रक्त आलं. वाकून बघितलं तर आत आत्तीची कोंबडी. पिसं फुलवून बसलेली, डोळे लाल, घशातून गुरगुर. खुडूक बसली होती.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. कोंबडीला अंडी उबवायची लहर आली की ती खुडूक होते. मग तिला पोटाखालच्या अंड्यांशिवाय जगात काही दिसत नाही. घरची बाई हिशेबानं चालते. चांगली अंडी निवडते, डालग्यात, म्हणजे बांबूच्या टोपलीत, कोंडा पसरते, त्यावर ती मांडून कोंबडी बसवते. त्याला रवण घालणं म्हणतात. आणि पिल्लं नको असतील तर खुडूक मोडतात. कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस अडकवतात. दोन दिवसांत ती ताळ्यावर येते. इथं मात्र कुणी रवण घातलंच नव्हतं. बाईसाहेबांनी चोरून अंडी घातली होती आणि परस्पर मोर्चा लावून बसल्या होत्या.

मला कोंबड्या आवडत नाहीत. धुतलेल्या चौथऱ्यावर घाण करणारा जीव मला कसा आवडेल? तरी ही कोंबडी साधी नव्हती. तिच्या मानेवर पिसं नव्हती. ही बोडक्या मानेची जात गावात फक्त आत्तीकडं होती आणि ती महादूनं आणलेली होती. शेवटच्या सुट्टीत त्यानं आजऱ्याच्या बाजारातून तसली एक कोंबडी आणली आणि तिच्याच अंड्यांचं रवण घालून तो ड्यूटीवर परतला. त्या रवणातल्या पिल्लांची पिल्लं आत्तीनं इतकी वर्षं टिकवली. मग त्यातल्या बऱ्याच मुंगसानं नेल्या. उरली ही एक आणि एक कोंबडा. तो कोंबडा नुकताच माझ्या चुलतभावाच्या उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. म्हणजे पायरीखाली होती ती त्या जातीची शेवटची अंडी. यानंतर दुसऱ्या कोंबड्याची अंडी घातली तरी ती शुद्ध त्या जातीची असणार नव्हती.

चुलतभावाचं नाव शामराव. गावचा उपसरपंच. कोंबडा मेल्यावर आत्तीची क्षमा मागायची सोडून तिलाच म्हणाला होता, "ट्रॉली बघून कोंबड्यानं बाजूला हुयाला नगो?"

त्याच दिवशी दुपारी तो स्मारकावर आला. बरोबर फरशीवाला.

"दत्तू, स्मृतिदिनाला साहेब येणार हाईत," तो म्हणाला. साहेब म्हणजे आमदार. "सगळा चौथरा ग्रॅनाइटचा करायचा. मागच्या पायऱ्या उद्या फोडून काढतो."

"मागची पायरी फोडता येणार न्हाय."

"का?"

"कोंबडी बसलीया."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फरशीवाल्याकडं. "ऐकलंस व्हय? सुभेदार म्हणालाय कोंबडी बसलीया. पाकिस्तानला भ्याला न्हाय, कोंबडीला भ्यालाय." आणि माझ्याकडं वळून, "उचल आणि टाक की भाईर. न्हायतर दे माझ्याकडं, रस्सा करतो."

"कोंबडा खाल्लास तेवढा बास झाला."

"त्यो ट्रॉलीखाली गेलता!"

"आणि ट्रॉलीखालनं तुझ्या ताटात गेलता. गावाला वास आलाय."

तो चिडला. "तुझ्या बापाचं स्मारक हाय काय?"

"न्हाय. आत्तीच्या पोराचं हाय. तिला इचार. ती म्हणाली फोड, तर फोड."

मला वाटलं होतं, आत्ती त्याला झाडूनं हाणील. अंडी तिची, कोंबडी तिची, पोराची आठवण तिची. आमचा आरडाओरडा ऐकून ती बाहेर आलीच होती. ती चौथऱ्याला वळसा घालून मागं आली, वाकली, पोकळीत बघितलं. कोंबडी तिच्यावरही गुरगुरली. आत्ती सरळ झाली आणि शामरावला म्हणाली, "फोड. उद्या कशाला, आत्ताच फोड. मी अंडी काढून उकिरड्यावर टाकतो."

बायका आमच्याकडं असंच बोलतात, 'मी टाकतो' म्हणतात.

शामराव खूश झाला. मी मात्र हादरलो. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा थेट अडवलं. "आत्ती, ही शेवटची अंडी हाईत. महादूच्या कोंबड्यांची."

ती माझ्याकडं न बघता शामरावला म्हणाली, "त्याला सांग, मला शिकवू नगो म्हणावं."

"उद्यापतूर थांब," मी शामरावला म्हणालो. "उद्या काय ते ठरवू." फरशीवाल्याला दुसरं काम होतं, म्हणून ते टळलं. शामराव जाताना म्हणाला, उद्या सकाळी घण घेऊन येतो.

मी घरी गेलो ते धुमसतच. मला कळेना, मी कशासाठी भांडतोय? कोंबड्यांचं मला कौतुक नव्हतं. ज्या बाईनं मला इतकी वर्षं राख दाखवली तिची अंडी वाचवायला मी माझ्या भावाशी वैर धरत होतो, आणि तिलाच ती नको होती. पण एक गोष्ट होती, जी मी आणि भूपाल, आम्ही दोघंच जाणत होतो.

भूपाल शेजारच्या गावचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या पोस्टवर तो सिग्नलचा ऑपरेटर होता. मेसमध्ये अंडाकरीचं पातेलं आलं की ताट घेऊन बाहेर जाऊन बसणारा. आता ऊस करतो. मी त्याला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो. अंड्याला हात लावणार न्हाय, बाकी सांग ती ड्यूटी."

ती पोस्ट कुठली, ते लिहीत नाही. डोंगराच्या धारेवर होती, एवढं पुरे. महादू सुट्टीवरून आला तो कोंबडीचं पुराण घेऊनच. रवण कसं घातलं, अंड्यांवर कोळशानं खुणा कशा केल्या, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून डालग्यात लोखंडाचा तुकडा कसा ठेवला. सेक्शन वैतागला. पोरं त्याला खुडूक म्हणायला लागली. त्याला त्याचं काही नव्हतं. पोस्टवर मोबाइल चालत नव्हता. घरचा निरोप खाली कंपनीच्या तळावर यायचा आणि तिथून वायरलेस सेटवरून वर यायचा. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर असला तरी संधी मिळाली की तो विचारायचा.

"अल्फा फॉर अल्फा वन. घरचा निरोप? ओव्हर."

सेटवर असलं बोलायची परवानगी नसते. मी त्याला झापायचो. सेटची भाषा सोपी आहे. अल्फा म्हणजे गस्तीची तुकडी, अल्फा वन म्हणजे पोस्ट. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आउट म्हणजे बोलणं संपलं, आता उत्तर नको.

शेवटच्या दिवशी तो सकाळच्या पेट्रोलवर पुढं होता. मी पोस्टवर भूपालच्या शेजारी उभा होतो.

"अल्फा फॉर अल्फा वन. नाला क्लिअर. पुढं निघालोय. ओव्हर."

"अल्फा वन, रॉजर."

"उस्ताद, घरचा निरोप? आज-उद्यात निघायला पायजेत. ओव्हर."

"निगेटिव्ह. ध्यान समोर ठेव. आला की सांगतो. आउट."

नाल्याच्या पलीकडच्या वळणावर फायर आली. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. त्याच्या मागचे दोघे वाचले, कारण गोळी लागल्यावरही त्यानं एलएमजी, म्हणजे मशीनगन, सोडली नव्हती. बाकी सगळं पाटीवर कोरलेलं आहे. घरच्या निरोपाचं पाटीवर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपाल आणि मी आत्तीच्या अंगणात पोचलो, तेव्हा ती आधीच मागच्या पायरीपाशी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पीस. कोंबडीची खुडूक मोडायच्या तयारीनं.

मी पायरीच्या आडवा उभा राहिलो. "आत्ती, महादू मरायच्या आधी सेटवर काय बोलला, म्हाईत हाय तुला? पिल्लं निघाली काय म्हणून इचारत हुता. मी सांगतो म्हणालो. निरोप आलाच न्हाय."

"निरोप!" तिनं बादली आपटली, पाणी माझ्या बुटांवर आलं. आणि ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली, म्हणजे माझ्यावर ओरडली. "कोण देणार हुतं निरोप? तुम्ही पेटी घिऊन आलासा त्याच दिवशी निघाली ती! डालगं तितं दारात हुतं. अख्खं गाव घुसलं अंगणात. झेंडं घिऊन, अमर रहे करत. कुणीतरी डालगं लाथंनं उडवलं. ओली पिल्लं, आजून वाळायचीबी हुती, सगळ्यांच्या पायाखाली! मी वरडालतो, पिल्लं बघा, पिल्लं बघा. लोक म्हणाले, पोरगा गेला, बाईचं डोस्कं फिरलंय. आणि तुम्ही फौजवाले. एका तालात. बुटं घालून."

तिला धाप लागली. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"पदरात घिऊन चार वाचवली," ती म्हणाली. "पोराला बघायच्या आधी मी भुईवर पिल्लं येचत हुतो. लोकांनी बघितलं. लोक अजून बोलत्यात. आणि आता ही रांड तवाच्याच दिवसावर बसलीया. तुमचा कारेक्रम, तुमची गर्दी, तुमचं फटाकं. परत तुडवायला देऊ व्हय पिल्लं? त्यापरीस अंडीच टाकल्याली बरी."

मी मनात हिशेब केला, तिचं खरं होतं. कोंबडी तीन आठवडे बसते, आणि ती आत्तीला दिसेनाशी झाली त्या दिवसापासून धरलं तर पिल्लं ऐन स्मृतिदिनाला निघणार होती. त्या दिवशी अंगणात आमचे जे बूट वाजले, त्यात माझे पिल्लांवर पडले का, ते मला माहीत नाही. मान समोर, नजर समोर, खांद्यावर पेटी. खाली बघायचं नसतं. आम्हाला तसं शिकवलेलं असतं, आणि ते आम्ही चोख पाळलं होतं. मला त्या क्षणी स्वतःची चीड आली, गावाची आली, त्या ड्रिलचीसुद्धा आली.

"आत्ती," मी म्हणालो, "ह्या वक्ताला अंगणात एक बूट येणार न्हाय."

"तुझ्या शबदाला कोण इचारतंय? गावाला तू आवरणार व्हय?"

"आवरतो."

"साहेबाला?"

"त्यालाबी."

तिनं भूपालकडं बघितलं. भूपाल म्हणाला, "आत्ती, मी अंडी खात न्हाय, पण माणसं आवरतो."

ती बादली तिथंच टाकून आत गेली. मला वाटलं, संपलं. मग ती बाहेर आली. एका हातात ज्वारी, दुसऱ्या हातात पाण्याची वाटी. दोन्ही तिनं कोंबडीच्या पुढ्यात आदळलं, इतक्या रागानं की निम्मी ज्वारी मातीत गेली. हीच तिची मंजुरी, असं मी समजलो. जाताना तिनं पीस माझ्या पायाशी टाकलं.

शामराव घण घेऊन आला. मी आणि भूपाल मागच्या पायरीवर बसून होतो. आम्ही उठलो नाही. त्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या, सरपंचाला फोन लावला, वडिलोपार्जित बांधाचं जुनं भांडण उकरून काढलं. शेवटी पुढच्या तीन बाजूंना ग्रॅनाइट लावून घेतलं आणि मागची बाजू तशीच सोडली. "मागनं कोण बघतंय," असं फरशीवाल्याला सांगून त्यानं आपली इज्जत राखली. त्या दिवसापासून आम्ही भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाही. त्याला तो त्याचा अपमान वाटतो. मला तो माझा आराम वाटतो.

स्मृतिदिन उजाडला. आसपासच्या गावांतले आम्ही माजी सैनिक जमलो. टोप्या, कोट, मेडल, सगळं कडक. मी सगळ्यांना अंगणाबाहेर रस्त्यावर रांगेत फॉलिन केलं आणि ऑर्डर दिली, "बूट उतार."

कुणाला कळेना. एक म्हातारा नायक म्हणाला, "सुभेदारसाब, परेडला अनवाणी?"

"व्हय. मोजंबी काढा. आणि चालताना खाली बघायचं."

आयुष्यभर आम्ही उलटं शिकलो होतो. तरी ऑर्डर ती ऑर्डर. रस्त्याच्या कडेला बुटांची रांग लागली, चकाचक पॉलिश केलेली. आम्ही अनवाणी आत जाऊन अंगणाच्या तोंडाला आडवे उभे राहिलो. शामरावची पोरं फटाक्यांची माळ घेऊन आली. भूपालनं ती प्रेमानं मागून घेतली आणि म्हशींच्या हौदात नेऊन बुडवली. मग परत येऊन रांगेत उभा राहिला, कोपरापर्यंत भिजलेला.

साहेब उशिरा आले. पुढं शामराव, मागं घोषणा. मी हात वर केला.

"चपला-बूट हितं. घोषणा भाईर. आत सावकाश यायचं, खाली बघून."

"दत्तू, बाजूला हो," शामराव दात खाऊन म्हणाला. "साहेब हाईत."

"साहेबांस्नी पाय हाईत. चपला काढता येत्यात."

साहेबांनी एकदा आमच्या अनवाणी रांगेकडं बघितलं आणि निमूट चपला काढल्या. त्यांना देवळात सवय असते. ते काढतात म्हटल्यावर बाकीच्यांना इलाज राहिला नाही. शामरावनं बूट सगळ्यात शेवटी काढले, तेही लाथाडून. त्याच्या उजव्या मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. मला त्याचा आनंद झाला, तो मी लपवत नाही.

हार घातला गेला. भाषण कुणी केलं नाही, कारण माइक शामरावनं आणला होता आणि त्याची वायर हौदापाशी भिजली होती. दोन मिनिटं शांतता पाळली. आत्ती समोर नव्हती. ती मागच्या पायरीवर बसली होती, कोंबडीपाशी. साहेबांनी तिच्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, "ड्यूटीवर हाय."

गर्दी गेली. आम्ही रस्त्यावरून बूट उचलले, पण घातले नाहीत. आत मागून हाक आली, "ये, फौजवाल्या!" नावानं नाही, पण हाक होती. मी आणि भूपाल मागं गेलो.

काही अंडी नासली होती. काही अजून शांत होती. पण कोंबडीच्या पोटाखालून ओली, मान हलवणारी डोकी दिसत होती. आत्तीनं एक पिल्लू तळहातावर घेतलं होतं. त्याची मान बोडकी होती. कोंबडीनं तिला टोच मारली, तिनं कोंबडीला शिवी दिली, पण हात मागं घेतला नाही. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती रागातच होती.

"बघतोस काय?" ती मला म्हणाली. "त्याला सांगतो म्हणालतास न्हवं? सांग की मग."

मी पुढच्या बाजूला आलो. पाटीवर नाव आहे, हुद्दा आहे, नंबर आहे. मी अनवाणी सावधान उभा राहिलो. भूपाल शेजारी येऊन उभा राहिला, त्या दिवशी सेटपाशी होता तसा.

"अल्फा वन फॉर अल्फा," मी म्हणालो. "घरचा निरोप हाय. पिल्लं निघाली. ओव्हर."

या खेपेला आउट म्हटलं नाही.